अमेरिकी अध्यक्षांच्या ‘अप्रूव्हल रेटिंग’वर किती विसंबायचं?

एकाच आठवड्यात एक बातमी सांगते की अमेरिकी अध्यक्षांच्या कामावर ४० टक्के लोक खूश आहेत, दुसरी सांगते ४७ टक्के. अमेरिकेतल्या एडिसनमधला भाचा घरच्या ग्रुपवर पहिली टाकतो, पुण्यातले काका तासाभरात दुसरी टाकतात आणि मग दोघेही एकमेकांची बातमी खोटी ठरवतात. बहुतेक वेळा दोन्ही चाचण्या प्रामाणिकपणे घेतलेल्या असतात. त्यांनी वेगळ्या लोकांना, वेगळ्या वाटेने गाठून विचारलेलं असतं, एवढंच. हे आकडे, म्हणजे ‘अप्रूव्हल रेटिंग’, आजवर फक्त मथळ्यात वाचले असतील, तर ते उलगडून कसे पाहायचे ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. निवडणुकीच्या चाचणीचा कधी ना कधी निकाल लागतो. मतमोजणी होते आणि कोण किती चुकलं ते चव्हाट्यावर येतं. २०२४च्या लोकसभेला आपल्याकडच्या एक्झिट पोलचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अप्रूव्हल रेटिंगच्या वाट्याला असा दिवस कधीच येत नाही. ‘मागच्या मंगळवारी देशातले ४३ टक्के लोक अध्यक्षांच्या कामावर समाधानी होते’ हे विधान ताडून पाहायला दुसरं मोजमापच नाही. त्यामुळे आकडा बरोबर की चूक हे आपल्याला थेट कळत नाही. तो काढला कसा हे पाहायचं, आणि तशाच पद्धतीने काढलेले निवडणुकीचे आकडे किती चुकले यावरून अंदाज बांधायचा. यापलीकडे हातात काही नाही, पण तेवढंही पुष्कळ आहे.

पायरी १: नेमका प्रश्न शोधा

अमेरिकेत गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९३०च्या दशकाच्या अखेरीस, फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष असताना, हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. ट्रूमन यांच्या काळात त्याचा साचा ठरला. मराठीत सांगायचं तर तो असा: अध्यक्ष ज्या तऱ्हेने आपलं काम सांभाळत आहेत ते तुम्हाला मान्य आहे की अमान्य? शब्द बदलले नाहीत म्हणूनच ट्रूमन ते बायडेन अशी तुलना निदान करता तरी येते.

प्रश्न कामाचा आहे, माणूस आवडतो का याचा नाही. डिसेंबर १९९८मध्ये प्रतिनिधिगृहाने (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं आणि त्याच सुमारास गॅलपच्या चाचणीत त्यांच्या कामाला ७३ टक्के लोकांनी पसंती दिली. क्लिंटन प्रामाणिक आहेत का, असं विचारलं की त्याच काळात लोक नाक मुरडत होते. म्हणून ‘फेव्हरेबल’, म्हणजे व्यक्तीबद्दल मत चांगलं आहे का, हा आकडा अप्रूव्हलच्या शेजारी ठेवून वाद घालू नका. अर्थव्यवस्था, स्थलांतर, परराष्ट्र धोरण अशा एकेका विषयावरची पसंतीही वेगळी असते. मथळ्यात मात्र या सगळ्यांना सरसकट ‘लोकप्रियता’ म्हणतात.

उत्तरांचे पर्यायही बघून घ्या. फोनवर विचारणारा माणूस ‘सांगता येत नाही’ हा पर्याय सहसा स्वतःहून देत नाही. ऑनलाइन चाचणीत काही संस्था तो पडद्यावरच दाखवतात, मग बरेच जण तिथे टिचकी मारतात. समजा एका संस्थेने पसंती ४१, नापसंती ५१ दाखवली आणि दुसरीने ४४ आणि ५५. पसंतीत तीन टक्क्यांचा फरक दिसतो, पण दोन्हींची वजाबाकी केली तर उणे १० आणि उणे ११, म्हणजे जवळपास तेच चित्र. दोन वेगळ्या संस्थांचे आकडे ताडताना म्हणून ही वजाबाकी, म्हणजे निव्वळ पसंती, बघणं बरं. तिच्यातही एक मेख आहे, ती हिशेबाच्या पायरीवर येईल.

पायरी २: कोणाला विचारलं?

तीन गट असतात: सर्व प्रौढ, नोंदणीकृत मतदार आणि मतदान करण्याची शक्यता असलेले मतदार. अमेरिकेत अनेक राज्यांत मतदार यादीत नाव आपण होऊन घालावं लागतं आणि मतदानाच्या वेळी पुष्कळ जण घरीच राहतात, त्यामुळे हे तीन गट खरोखर वेगळे आहेत. सर्व प्रौढांच्या चाचणीत एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर राहणारा मराठी माणूसही येऊ शकतो. मतदारांच्या चाचणीत तो येणार नाही. रासमुसेन ही संस्था संभाव्य मतदारांना विचारते आणि तिचे आकडे रिपब्लिकन अध्यक्षांना इतरांपेक्षा बरे दाखवतात, हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. कारण फक्त गटाचं नाही, पण सर्व प्रौढांची एक चाचणी आणि संभाव्य मतदारांची दुसरी शेजारी मांडून ‘रेटिंग घसरलं’ म्हणणं ही सर्रास होणारी गफलत आहे.

इथेच आणखी एक मोह होतो. ‘भारतीय वंशाच्या लोकांमध्ये अध्यक्षांची पसंती इतकी’ असा तक्ता दिसला की आपली माणसं तो लगेच पुढे पाठवतात. हजार जणांच्या राष्ट्रीय चाचणीत आशियाई वंशाचे साठ-सत्तर जण असतील, त्यांतले भारतीय वंशाचे पंधरा-वीस. साठ जणांच्या उत्तरांत निव्वळ योगायोगाने बारा-तेरा टक्क्यांची इकडतिकड होते, पंधरा जणांच्या उत्तरांबद्दल तर बोलायलाच नको. भारतीय अमेरिकनांचं मत जाणायचं तर त्यांच्यासाठी वेगळी घेतलेली चाचणी हवी. कार्नेगी एन्डाउमेंट या अमेरिकी अभ्यास संस्थेने यूगव्ह या ऑनलाइन चाचण्या घेणाऱ्या कंपनीसोबत २०२० आणि २०२४मध्ये तशा चाचण्या केल्या. २०२४च्या चाचणीत ७१४ भारतीय अमेरिकन नागरिक होते, आणि त्यांतल्या साधारण ६० टक्क्यांचा कल कमला हॅरिस यांच्याकडे होता. मराठी भाषकांचं वेगळं मत या ७१४मधूनही निघणार नाही. तसा दावा कोणी केला तर सोडून द्या.

पायरी ३: त्यांना गाठलं कसं?

खरी भानगड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जुनी पद्धत फोनची. यादृच्छिक क्रमांक फिरवायचा, जो उचलेल त्याला विचारायचं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत संशोधन संस्थेने स्वतःच्या फोन चाचण्यांचा प्रतिसाद जाहीर केला आहे: १९९७मध्ये ३६ टक्के, २०१२मध्ये ९ टक्के, २०१८मध्ये ६ टक्के. म्हणजे शंभर जणांना गाठायला निघालं तर चौऱ्याण्णव जणांचं उत्तर मिळतच नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती भात सारखा शिजलेला असतो म्हणून, आणि शीत आपण उचलतो म्हणून. इथे शितं स्वतःच ठरवतात हातात यायचं की नाही.

यावर प्यूसारख्या संस्थांनी काढलेला तोडगा असा: टपालाच्या पत्त्यांतून यादृच्छिक घरं निवडायची, त्यांना पत्र पाठवायचं, थोडे पैसे द्यायचे आणि हजारो लोकांचा कायमचा गट बांधायचा. मग पुन्हा पुन्हा त्यांनाच ऑनलाइन विचारायचं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचीही सोय केली जाते. असोसिएटेड प्रेससाठी शिकागो विद्यापीठातली नॉर्क संस्था अशाच गटावर चाचण्या घेते. ही पद्धत खर्चिक आहे, पण कोणाला बोलवायचं हे संस्था ठरवते.

तिसरी पद्धत स्वस्त. जाहिरात पाहून किंवा गिफ्ट कार्डाच्या आशेने जे स्वतःहून नाव नोंदवतात, त्यांना विचारायचं. यूगव्हसारख्या संस्था असे गट काळजीपूर्वक जुळवून घेतात आणि निवडणुकीत त्यांची कामगिरी वाईट नाही. पण सगळेच तेवढी मेहनत घेत नाहीत. प्यूने अशाच एका चाचणीत मुद्दाम विचारलं होतं: अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का? तिशीच्या आतल्यांपैकी १२ टक्के ‘हो’ म्हणाले! देशात असे लोक मूठभरसुद्धा नसतील. पैशांसाठी भराभर टिचक्या मारणारे बरेचदा वय आणि वंशही खोटा सांगतात, त्यामुळे हा कचरा तरुणांच्या आणि अल्पसंख्याकांच्या आकड्यांत जास्त साचतो. ‘तरुणाईने अध्यक्षांकडे पाठ फिरवली’ किंवा ‘तरुणाई अध्यक्षांच्या बाजूला वळली’ अशी सनसनाटी बातमी वाचताना ही पाणबुडी आठवावी.

चाचणीच्या अहवालात शेवटी पद्धतीचं एक पान असतं. तारखा, संख्या, गट, गाठण्याची रीत हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पान सापडलं नाही, तर आकडाही वाचायची गरज नाही.

पायरी ४: भार कसा दिला?

उत्तरं मिळाली की संस्था ती जनगणनेशी जुळवतात. तरुण कमी आले तर प्रत्येक तरुणाच्या उत्तराला जास्त वजन द्यायचं, पदवीधर जास्त आले तर त्यांचं कमी करायचं. यालाच भार देणं म्हणतात. याला फसवाफसवी म्हणणारेही भेटतात. उलट हे न करणं हीच फसवणूक ठरेल. प्रश्न एवढाच की कशाकशासाठी जुळवलं.

१९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते मुख्यतः फोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधले. वीस लाखांहून जास्त उत्तरं परत आली आणि त्यावरून साप्ताहिकाने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. ही गोष्ट सांगताना फोन परवडणाऱ्या श्रीमंतांचा मुद्दा नेहमी येतो. पण ज्यांना पत्रिका मिळाल्या त्यांतलेही तीन चतुर्थांशांहून जास्त लोक गप्प राहिले, याकडे लक्ष कमी जातं. नमुना मोठा म्हणजे विश्वासार्ह, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. लाखभर लोकांनी टिचकी मारलेला वाहिनीचा ‘पोल’ अजूनही बातमी म्हणून मिरवतो, त्याअर्थी तो मोडलेला नाही.

२०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणासाठी भार दिला नव्हता. पदवीधर चाचणीला जास्त उत्तरं देतात आणि त्यांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता, म्हणून त्यांची बाजू फुगली. पुढे बहुतेकांनी ही दुरुस्ती केली. तरीही २०२०मध्ये चूक वाढलीच. अमेरिकन असोसिएशन फॉर पब्लिक ओपिनियन रिसर्च या व्यावसायिक संघटनेच्या अहवालाप्रमाणे राष्ट्रीय मतांच्या अंदाजातली ती चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक होती. बायडेन यांची आघाडी सुमारे चार टक्क्यांनी जास्त दाखवली गेली. नेमकं का, हे त्या अहवालालाही ठामपणे सांगता आलं नाही. वय, शिक्षण, वंश सारखं असूनही उत्तर देणारा आणि न देणारा राजकीयदृष्ट्या वेगळे असतील, तर भार देऊन ते दुरुस्त होत नाही. अप्रूव्हलच्या आकड्यातही हेच उत्तर देणारे लोक असतात.

पायरी ५: हिशेब मांडा

हजार जणांच्या चाचणीत योगायोगाने होणाऱ्या चुकीची मर्यादा अधिक-उणे ३ टक्के. ४२ म्हणजे ३९ ते ४५मधलं काहीही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं.

मागच्या महिन्यात ४३ आणि या महिन्यात ४१ असेल, तर दोन्ही आकड्यांना आपापली चूक असते. त्यांच्यातल्या फरकाची मर्यादा म्हणून ३ राहत नाही, ४च्या वर जाते. दोन टक्क्यांच्या घसरणीवर लिहिलेला अग्रलेख शून्यावर लिहिलेला असू शकतो. निव्वळ पसंतीत तर ही मर्यादा दुपटीच्या आसपास, म्हणजे ६ होते, कारण पसंतीतला एक माणूस नापसंतीत गेला की आकडा दोनने हलतो. मघाशी म्हटलेली मेख ती हीच.

शिवाय ही मर्यादा फक्त योगायोगाची. न उचललेले फोन, चुकीचा भार, तिरका प्रश्न यांतलं काहीच तिच्यात धरलेलं नसतं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये चार हजारांहून जास्त निवडणूक चाचण्या निकालाशी ताडल्या. प्रत्यक्ष चूक जाहीर मर्यादेवरून अपेक्षित असलेल्या चुकीच्या जवळपास दुप्पट निघाली. निकाल लागतो तिथे ही गत. जिथे निकालच लागत नाही तिथे मी तरी छापलेली मर्यादा मनातल्या मनात दुप्पट करूनच वाचतो.

पायरी ६: मोठी उडी दिसली की दोन आठवडे थांबा

३ ऑक्टोबर २०१२ला डेन्व्हरमध्ये अध्यक्ष ओबामा आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी यांची पहिली वादफेर झाली आणि ओबामा निष्प्रभ ठरले. त्याआधी प्यूच्या चाचणीत ओबामा ८ टक्क्यांनी पुढे होते, त्यानंतर रॉम्नी ४ टक्क्यांनी. बारा टक्क्यांची उलथापालथ! खरोखर एवढ्या लोकांनी मत बदललं?

त्याच काळात संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून रोज मतं गोळा केली होती. उत्तर देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष, म्हणजे नमुना म्हणून अगदीच बेढब. पण तेच लोक पुन्हा पुन्हा उत्तरं देत असल्यामुळे कोण आलं, कोण आलं नाही, आणि आधी त्याचा पक्ष कोणता होता, हे कळत होतं. निष्कर्ष असा की मत बदललेले थोडे होते. वादफेरीनंतर ओबामांच्या समर्थकांना चाचणीला उत्तर देण्याचा उत्साहच राहिला नव्हता आणि रॉम्नीचे समर्थक हौसेने पुढे येत होते. नोव्हेंबरमध्ये ओबामा सुमारे ४ टक्क्यांनी जिंकले.

अध्यक्षांच्या रेटिंगमध्ये एखाद्या वाईट आठवड्यानंतर दिसणारी घसरण पुष्कळदा याच जातीची असते. काही संस्था आता ‘मागच्या निवडणुकीत कोणाला मत दिलं’ यावरही भार देतात, त्यांच्या आकड्यांत असे झोके कमी दिसतात.

पायरी ७: संस्थेची तुलना तिच्याशीच करा

प्रत्येक संस्थेचा आपला एक कल असतो. एखादी सातत्याने दोन टक्के वर दाखवते, एखादी तीन खाली. तो कल ठरावीक राहिला तर बदल वाचायला अडचण येत नाही. म्हणून क्विनिपिअॅकची चाचणी क्विनिपिअॅकच्या मागच्या चाचणीशी ताडा, इमर्सनची इमर्सनच्या. आणि वाहिनीवरून चाचणीची पत ठरवू नका. फॉक्स न्यूजचे सूत्रधार कसेही बोलोत, त्यांची चाचणी एक डेमोक्रॅटिक आणि एक रिपब्लिकन संस्था मिळून घेतात आणि या क्षेत्रात तिला मान आहे. उमेदवाराच्या गोटातून ‘फुटलेली’ खासगी चाचणी मात्र बाजूला ठेवा. वाईट आलेली चाचणी कोणी फोडत नाही.

सरासरी पाहणं उत्तम, पण ती कशी काढली ते पाहा. रिअलक्लिअर पॉलिटिक्स हे संकेतस्थळ ताज्या चाचण्यांची सरळ सरासरी काढतं. नेट सिल्व्हर यांचं सिल्व्हर बुलेटिन संस्थेचा दर्जा आणि कल धरून हिशेब करतं. जुन्या बातम्यांत ज्याचा उल्लेख सापडेल ते फाइव्हथर्टीएट मार्च २०२५मध्ये बंद झालं. सरासरीने योगायोगाची चूक कमी होते. सगळ्याच संस्था एका बाजूला कलल्या असतील तर सरासरीही तिकडेच कलते, जसं २०२०मध्ये झालं. आणि नावाजलेल्या एकट्या चाचणीवर सगळा भरवसा टाकू नये: आयोवामधल्या अॅन सेल्झर यांचा लौकिक दांडगा होता, पण नोव्हेंबर २०२४च्या त्यांच्या शेवटच्या चाचणीत हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे होत्या आणि ट्रम्प यांनी ते राज्य १३ टक्क्यांनी जिंकलं.

पायरी ८: आकड्याचा अर्थ लावताना

आखाती युद्धानंतर १९९१मध्ये थोरल्या बुश यांना गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के पसंती होती. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती २९वर आली आणि नोव्हेंबरमध्ये ते हरले. धाकटे बुश ११ सप्टेंबर २००१च्या आधी ५१वर होते, दोन आठवड्यांत ९०वर गेले आणि २००८मध्ये २५पर्यंत उतरले. संकटात लोक झेंड्याभोवती गोळा होतात, ते प्रेम टिकत नाही.

आता असे डोंगर-दऱ्या दिसणंही कठीण झालं आहे. आयझेनहॉवर यांचं काम निम्म्याच्या आसपास डेमोक्रॅट्सना पसंत होतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटी दोन पक्षांच्या लोकांच्या पसंतीतलं अंतर ९० टक्क्यांवर गेलं. त्या चार वर्षांत गॅलपचा आकडा ३४ ते ४९ एवढ्यातच फिरला. याचा परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही: खरा बदल आता दोन-तीन टक्क्यांचाच होतो, पण चाचणीची चूक मात्र होती तेवढीच राहिली. पूर्वी तीस टक्क्यांच्या घसरणीत तीन टक्क्यांची चूक बुडून जायची. आज ती चूक बातमीएवढी मोठी आहे.

मग निवडणुकीचा अंदाज घ्यायला हा आकडा उपयोगी पडतो का? ढोबळ मानाने पडतो. फेरनिवडणुकीच्या वेळी कार्टर किंवा थोरले बुश यांच्यासारखे चाळिशीच्या खाली अडकलेले अध्यक्ष हरले. मध्यावधीत, म्हणजे अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत, मात्र जपून. २०१०मध्ये ओबामा ४५वर होते आणि त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा गमावल्या. २०२२मध्ये बायडेन ४०वर होते, पक्षाने ९ गमावल्या. अध्यक्षांवर नाराज असलेला माणूस त्यांच्या विरोधकाला मत देईलच असं नाही. डावीकडचा नाराज डेमोक्रॅट फोनवर ‘अमान्य’ म्हणतो आणि मत पक्षालाच देतो.

शेवटी आपल्या वर्तमानपत्रांत येणारा जागतिक तक्ता. मॉर्निंग कन्सल्ट ही अमेरिकी कंपनी अनेक देशांच्या नेत्यांची पसंती ऑनलाइन मोजते, आणि त्यात नरेंद्र मोदी वरच्या क्रमांकावर आले की मराठीतही मथळे होतात. कंपनी स्वतःच सांगते की भारतातला तिचा नमुना साक्षर लोकसंख्येचा आहे, संपूर्ण देशाचा नाही. अमेरिकेतला नमुना सर्व प्रौढांशी जुळवलेला असतो. पायरी २ लावून पाहिलं तर मोदींचा आकडा मोदींच्याच मागच्या आकड्याशी ताडता येतो. अमेरिकी अध्यक्षांच्या आकड्याशेजारी तो ठेवून कोण किती पुढे हे सांगता येत नाही.